दगडी चेहऱ्यांचे वर्तुळ

"रडतं बाळ माझ्या हातात द्या! डोळ्यातलं पाणी हनुवटीपर्यंत पोहोचायच्या आत ते हसलं नाही, तर नाव बदलीन!"

अशी घोर प्रतिज्ञा पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्या दादांनी प्रशिक्षणाच्या प्रारंभीच केली. तान्ह्या मुलांच्या मनाची निगा कशी राखावी, हे तेथे शिकवीत असत. दादांची पत्नीही त्याच पाळणाघरात सेविका असल्याने वर्गात होती.

शिकवणाऱ्या बाईंनी दुपारी दादांना तळघरातून खुळखुळा आणावयास धाडले. परतताना जिन्यातील दिवा अकस्मात विझला, पाय निसटला आणि दादांचे मस्तक कठड्यावर आदळले! नवल असे, की वेदना मुळीच झाली नाही. उलट अंग पिसासारखे हलके वाटू लागले.

वर्गात बाईंची तान्ही नात पाळण्यात निजली होती, म्हणून पडदे ओढलेले होते. त्या अंधुक प्रकाशात सर्व जण वर्तुळ करून बसले होते.

"हा घ्या खुळखुळा!" दादा म्हणाले.

कोणी हूं की चूं केले नाही. सर्वांचे डोळे दादांकडे वळले. परंतु चेहरे मात्र धुऊन पालथ्या घातलेल्या ताटांसारखे कोरे!

"अहो बाई? ऐकू येतंय ना?"

दादांनी खुळखुळा वाजविला. त्याचा आवाज भिंतींवर आपटून एकटाच परत आला.

"अगं, मी आलोय!" ते पत्नीसमोर वाकले. तिने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांच्या आरपार मागची खिडकी दिसत होती. दादांनी गाल फुगवून घुबडासारखे डोळे फिरविले. या घुबडापुढे आजवर एकही मूल टिकले नव्हते. पत्नीची पापणीसुद्धा हलली नाही!

दादांनी वळून दाराकडे पाहिले. म्हणजे जिन्यात... खाली अजूनही कोणी पडलेले आहे की काय?

तोच खुळखुळ्याने जागी झालेली नात थेट त्यांच्याकडे पाहून खुदकन हसली. आणि दादांच्या सासूबाई नेहमी सांगत, की मोठ्यांना न दिसणारे तान्ह्यांना दिसते! आता संशयच उरला नाही.

दादांनी बसकण मारून हंबरडा फोडला. "अरे, माणूस गेलाय! निदान कोणीतरी रडा तरी!"

"पुरे!" बाईंनी टाळी वाजविली. "आता सगळे हसा, यांना जवळ घ्या!"

सर्व चेहरे एकाच क्षणी हसले, हात पसरून पुढे झेपावले. दादा किंचाळत टेबलाखाली शिरले!

"पाहिलंत?" बाई हर्षाने म्हणाल्या. "दादा बाहेर गेल्यावर मी तुम्हाला चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. आधी ते बोलले, मग खेळले, मग रडले. आपण नुसतं बघत राहिलो, तर बाळालाही असंच वाटतं, की ते स्वतः नाहीच आहे!"

सायंकाळी घरी परतताना दादा कपाळाचे टेंगूळ चोळीत होते. ते आता व्यवस्थित ठणकत होते.

"सगळ्यांत दगड तूच झालीस," ते पत्नीला म्हणाले. "इतकं कसं गं जमलं?"

"त्यात काय! मी दिवसभराचं सांगायला बसते, तेव्हा तुमचं तोंड असंच तर असतं. मीही रोज स्वतःला चाचपून बघते, आहे की गेले!"

खिशात राहिलेला खुळखुळा काढून दादांनी हळूच वाजविला.

पत्नी पुढे चालत राहिली. तिने मागे वळून पाहिले नाही.