चिवड्याची वागणूक

वेणीमाधव गुरुजी सकाळी नऊ वाजता कुत्र्याचा अर्ज भरायला बसले, आणि साडेअकरा झाले तरी ते तिसऱ्या रकान्यातच होते.

अर्ज तसा साधा होता. कोकणातल्या एका होमस्टेनं तो मोबाईलवर पाठवला होता. कुत्रा बरोबर आणायचा असेल तर त्याचं नाव, वय, जात आणि स्वभाव कळवा, एवढंच. पण गुरुजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळी लिहिल्या जात होत्या. रामकुंडावर येणाऱ्या घराण्यांची गावं, आजे-पणजे, कोण कुठे दत्तक गेलं, सगळं माडीवरच्या वह्यांत होतं. अर्धवट नोंद करणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'नाव चिवड्या. जन्म पंचवटी, भाजीबाजाराच्या मागे, सहा वर्षांपूर्वी, श्रावणात. आई पिवळी, डावा कान फाटका, हयात नाही. वडील नक्की सांगता येत नाहीत. संशय दोघांवर आहे. भावंडे चार, पैकी एक सध्या मालेगाव स्टँडजवळ असते. सापडला तेव्हा तोंड चिवड्याच्या पुडक्यात अडकले होते, त्यावरून नाव. स्वभाव प्रेमळ. चपलांच्या बाबतीत भरवसा देता येत नाही. फटाके आणि कुकरची शिट्टी यांना भितो. एकदा श्राद्धाचे पान कावळ्याच्या आधी खाल्ले. यजमानांनी समजून घेतले.'

इंदिराबाईंनी कणकेच्या हातानं तो कागद वाचला.

"हे पाठवलंत?"

"फोटो काढून पाठवलं."

"अहो, आपल्याला खोली हवीय. त्याचं लग्न नाही जमवायचं. आणि लग्न जमवतानासुद्धा लोक इतकं खरं लिहीत नाहीत."

दोन मिनिटांत उत्तर आलं : 'सॉरी, फुल आहे.' गुरुजींनी तोच कागद आणखी चार ठिकाणी पाठवला. आठवडा संपेपर्यंत, दिवाळीची गर्दी ओसरून गेली असताना, कोकणातले पाच होमस्टे फुल झाले.

इंदिराबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी मोडायचं. नाशिकला सगळा मुलूख येतो, आणि येणाऱ्यासाठी कुणीतरी घरी असावं लागतं. पिशव्या भरल्या की दारात यजमान उभे. आता तर सिंहस्थ तोंडावर आला होता. तो लागला की दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल पडणार नव्हतं, आणि त्यानंतर आपले गुडघे वाळूत चालतील की नाही याची इंदिराबाईंना खात्री नव्हती. म्हणजे जायचं तर याच महिन्यात.

चिवड्याला मागे ठेवायची सोय नव्हती. शेजारच्या सुवर्णानं एकदा त्याला एका दिवसासाठी सांभाळायला नेलं होतं. दुपारी बारालाच तिनं तो परत आणून दिला, आणि सोफ्याची अर्धी उशीही दाखवायला आणली. शिवाय इंदिराबाईंचं स्पष्ट म्हणणं होतं, "मी तिकडं लाटा बघायच्या आणि यानं इथं दाराशी तोंड पाडून बसायचं? मग नकोच मला समुद्र."

सहाव्या होमस्टेला त्यांनी स्वतः फोन लावला. गुरुजींना त्या वेळेपुरतं माडीवर पाठवलं.

त्या जागेचं नाव होतं 'सागरगाज'. दापोलीच्या पुढे कुठेतरी. मालक केळसकर मोकळ्या स्वभावाचे निघाले. "कुत्र्याला माझी ना नाही हो वहिनी. पण मागच्या मोसमात एकाचा कुत्रा आला आणि माझ्या अकरा कोंबड्यांच्या मागं लागला. त्या अजून अंडी देत नाहीत. तेव्हापासून मी आधी व्हिडिओ कॉलवर कुत्रा बघतो. दहा मिनिटं गप बसला की खोली तुमची."

"बसेल की. आमचा अगदी शांत आहे," इंदिराबाई म्हणाल्या. त्याच वेळी शांत चिवड्या अंगणात गुरुजींचं धोतर दोरीवरून खाली ओढत होता.

त्यांनी तीन दिवस तालीम घेतली. सुवर्णा तिच्या घरातून व्हिडिओ कॉल करायची आणि चिवड्यानं सतरंजीवर बसायचं. पहिल्या दिवशी तो फोनमधल्या सुवर्णावर भुंकला. दुसऱ्या दिवशी तो फोनच्या मागे जाऊन तिला शोधून आला. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन तोंडात धरला आणि सुवर्णाला त्याच्या दाढा फार जवळून दिसल्या.

"आपण केळसकरांना खरं सांगू या," गुरुजी म्हणाले. "मी व्यवस्थित लिहून देतो."

"तुम्ही पेनाला हात लावायचा नाही." इंदिराबाईंनी पेन उचलून आपल्याकडे ठेवलं. "तुमचे ते देवळालीचे यजमान आहेत ना, सावळीराम? त्यांच्याकडे कुत्रा आहे म्हणाला होतात."

सावळीराम पगार मूळचे सायखेड्याचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते देवळाली कॅम्पातच घर करून राहिले होते. त्यांच्या वडिलांचं दिवसकार्य सगळं गुरुजींनी केलं होतं, त्यामुळे गुरुजींचा शब्द सावळीराम खाली पडू देत नसत. त्यांचा कुत्रा काळा, चकचकीत लॅब्रेडोर होता. नाव कर्नल.

"तीस वर्षं मी कर्नलसायबांचं ऐकलं, गुरुजी," सावळीरामांनी चहा देता देता सांगितलं. "आता कर्नल माझं ऐकतो. कर्नल, बैठ."

कर्नल बसला.

"लेट."

कर्नल झोपला. इंदिराबाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

"दहा मिनिटांचं काम आहे, भाऊ. त्याला फक्त चिवड्या व्हायचंय."

सावळीरामांचा चेहरा पडला. "कर्नलचा एकदम चिवड्या? लय खाली आणता वैनी तुमी त्याला. पण गुरुजींचं काम हाय म्हणल्यावर नाय कसं म्हणू."

रविवारी सकाळी देवळालीत कर्नलच्या समोर फोन उभा केला. एका बाजूला इंदिराबाई, दुसऱ्या बाजूला गुरुजी. कर्नल ऐकायचा फक्त सावळीरामांचं, म्हणून ते पडद्याआड. फोनमध्ये केळसकर प्रकटले. त्यांच्या मागे माडाची दोन झाडं, आणि त्यामागे समुद्र. अख्खा, निळा, हलणारा. इंदिराबाई आपण कशासाठी बसलोय ते विसरून त्याच्याकडेच बघत राहिल्या.

"हा होय चिवड्या. वा, तेज आहे," केळसकर म्हणाले. "चिवड्या, ए चिवड्या."

कर्नलनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"जरा मानी आहे," इंदिराबाई म्हणाल्या.

"हात देतो का?"

"हाथ मिला," पडदा म्हणाला. कर्नलनं पंजा पुढे केला.

"कोण बोललं?"

"आमचे हे," इंदिराबाई म्हणाल्या. गुरुजींचे ओठ घट्ट मिटलेले केळसकरांना दिसत होते, त्यामुळे गुरुजींनी घाईघाईनं ओठ हलवले, पण तोवर बोलणं होऊन गेलं होतं.

आणि नेमका तेव्हा कॅम्पातल्या तोफखान्याचा सराव सुरू झाला. पहिला बार झाला तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्या बाराला केळसकर तिकडे कोकणात दचकले. तिसऱ्या बारानंतर त्यांना दिसलं की कुत्रा जागच्या जागी शांत बसलेला आहे आणि गुरुजी कुठेच नाहीत.

"गुरुजी कुठे गेले?"

"टेबलाखाली," इंदिराबाई म्हणाल्या. या एका दिवसात त्या बोलल्या त्यातलं हे एकमेव खरं वाक्य.

केळसकर हसून हसून बेजार झाले. "वहिनी, कुत्रा पास. गुरुजींना सांभाळून आणा. बुधवारी या, मी चिवड्यासाठी खास बांगडे आणून ठेवतो."

खोली मिळाली. परतताना द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा गुरुजींना शंका आली. "पण बुधवारी न्यायचं कुणाला?"

इंदिराबाईंनी इतका पुढचा विचार केला नव्हता. कर्नल काळा होता. चिवड्या पिवळा, पोटाशी पांढरा, आणि शेपटीला वळण. त्यांनी हळूच गुरुजींच्या केसांकडे पाहिलं. गुरुजी महिन्यातून एकदा कलप लावत, आणि ते कुणाला ओळखू येत नाही असं समजत.

"तुमची बाटली कितीशी उरलीय?"

"इंदिरे, मुक्या जनावराला ते चालत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय."

"बरं, बरं. नुसतं विचारलं."

सोमवारी सावळीरामांनीच तोड काढली. दोन्ही कुत्रे न्यायचे. दारात उतरताना कर्नल पुढे, चिवड्या गाडीत ब्लँकेटखाली. मालकाची पाठ फिरली की चिवड्याला मागच्या दारानं आत घ्यायचं. "पण कर्नल माझ्याबिगर जेवत नाय," ते म्हणाले. "मग मलाबी यावं लागंल. गाडी माझीच घेऊ." आणि जरा थांबून, खाली बघत, "मीबी समुद्र पाह्यला नाय, गुरुजी. सगळी नोकरी डोंगरात गेली."

अशा रीतीनं दोघांची ठरलेली सहल तीन माणसं, दोन कुत्रे आणि बेसनाच्या लाडवांचा एक डबा घेऊन बुधवारी पहाटे निघाली. घाट उतरेपर्यंत चिवड्या तीनदा ओकला. प्रत्येक वेळी त्यानं गुरुजींची मांडी निवडली.

दुपारी गाडी 'सागरगाज'च्या फाटकाशी थांबली. केळसकर धावत आले. ठरल्याप्रमाणे कर्नल रुबाबात उतरला आणि बसला.

"या, चिवडाशेठ," म्हणत केळसकरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सावळीरामांकडे पाहून म्हणाले, "आणि हे?"

"हे याचे..." गुरुजींनी सुरुवात केली. इंदिराबाईंनी त्यांचा पाय दाबला.

"आमचे ड्रायव्हर," त्या म्हणाल्या. सुभेदार सावळीरामांनी तेही गिळलं.

इंदिराबाई टाचा उंच करून घराच्या मागे बघू लागल्या. मागे फणसाची झाडं होती. फणसांच्या मागे डोंगर होता. त्या घराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या. तिकडे कोंबड्या होत्या. त्या परत आल्या.

"केळसकर, समुद्र कुठंय?"

"आहे की." केळसकरांनी हवेत हात फिरवला. "इथनं असं खाली गेलं की. गाडीनं सात-आठ मिनिटं."

"फोनवर तर तुमच्या पाठीला लागून होता."

"त्याचं काय आहे वहिनी, इथं व्हिडिओपुरतं नेटवर्क येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल करायला मी मेव्हण्याच्या घरी जातो."

"म्हणजे तो समुद्र..."

"मेव्हण्याचा," केळसकर पडेल आवाजात म्हणाले.

इंदिराबाईंचा पारा चढत होता. चाळीस वर्षं वाट पाहून, पाच ठिकाणी नकार पचवून, खोटं बोलून त्या एका डोंगरासमोर येऊन उभ्या होत्या. असल्या फसवणुकीवर बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं, आणि त्यांनी पदर खोचलासुद्धा. एवढ्यात गाडीची काच सरकली आणि ब्लँकेट पांघरलेला चिवड्या बाहेर पडला. तो थेट अंगणात गेला. कोंबड्यांनी मान वर करून पाहिलं, आणि अकराच्या अकरा त्याच्या मागे लागल्या. चिवड्या ओरडत आला आणि केळसकरांच्या दोन पायांमध्ये शिरून बसला.

केळसकरांनी वाकून पायांमध्ये पाहिलं.

"हा कोण?" केळसकरांनी विचारलं.

गुरुजींना आता राहवेना. "हा चिवड्या. जन्म पंचवटी, आई पिवळी..."

"मग तो?"

"त्यो कर्नल हाय," सावळीराम ताठ उभे राहत म्हणाले. "आणि मी ड्रायव्हर नाय. सुभेदार."

केळसकरांनी काळ्या कुत्र्याकडे पाहिलं, पिवळ्याकडे पाहिलं, मग इंदिराबाईंकडे. इंदिराबाईंनी खोचलेला पदर सावकाश सोडला.

"हे बघा केळसकर," त्या म्हणाल्या, "तुमचा समुद्र मेव्हण्याचा, आमचा कुत्रा यजमानांचा. झाली फिट्टंफाट. आता पाणी द्या आणि रस्ता दाखवा."

केळसकरांचं हसू आधी नाकातून आलं, मग पोटातून. शेवटी त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

मेव्हण्याचा समुद्र फोनमध्ये दिसला होता त्याहून पुष्कळ मोठा होता. त्याच्यासमोर तोफांना न डगमगणारा कर्नल घोट्याएवढी पहिली लाट येताच मागच्या मागे पळाला आणि गाडीखाली जाऊन बसला. "कर्नल, बाहर आ," सावळीराम चाकाशी वाकून विनवत होते. "लोक बघतात रे." कर्नल ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हुकूम मोडला होता, आणि थोड्या वेळानं सावळीरामही चाकाला टेकून, लांबूनच समुद्र बघत बसले. त्यांनाही तो तेवढ्या अंतरावरूनच बरा वाटत होता.

कुकरच्या शिट्टीला भिणारा चिवड्या मात्र लाटांवर भुंकत पुढे गेला, लाट आली की उलटापालटा झाला, उठला आणि पुन्हा गेला. त्याच्यामागे साडी पोटरीपर्यंत धरून इंदिराबाई. पाणी पायाला लागलं तशा त्या किंचाळल्या, मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम पुन्हा किंचाळल्या.

"गुडघे कसे आहेत?" काठावरून, दोन्ही हातांत सगळ्यांच्या चपला धरून उभ्या असलेल्या गुरुजींनी विचारलं.

"कुणाचे?" इंदिराबाई म्हणाल्या. दोन तास त्या बाहेर आल्या नाहीत.

शुक्रवारी निघताना केळसकरांनी एक वही पुढे केली. "पाहुणे जाताना चार शब्द लिहून जातात. पुढच्यांना दाखवायला बरं पडतं."

गुरुजींनी खिशातून पेन काढलं आणि चष्मा पुसला. अर्ध्या तासानंतर केळसकर डोकावले, तर गुरुजी दुसऱ्या पानावर मेव्हण्याच्या घराण्यापर्यंत पोचले होते.

"वहिनी," केळसकर काकुळतीला येऊन म्हणाले, "तुम्हीच लिहा ना दोन ओळी."

इंदिराबाईंनी ती पानं अलगद फाडून गुरुजींच्या खिशात ठेवली आणि नव्या पानावर लिहिलं : 'समुद्र घराला अगदी लागून. कोंबड्या गरीब.' केळसकरांनी ते दोनदा वाचलं, खूश झाले, आणि स्वतःहून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून दाखला लिहून दिला : 'चिवड्या हा कुत्रा आमच्याकडे तीन दिवस राहिला. वागणूक उत्तम.'

गुरुजींनी तो दाखला वाचला. मग खाली पाहिलं. त्यांच्या पायात एकच चप्पल होती.