धोंड्याचं वाण आणि मागचं सिलिंडर

रामप्रसादला बायकोने नवी मोटारसायकल घेऊ दिली होती ती एकाच अटीवर. आधीच्या गाडीवर जालन्याच्या गर्दीत थांबून थांबून तृप्तीच्या पोटरीला असा चटका बसला होता, की ती कितीतरी दिवस घरात लंगडत होती, आणि लंगडताना मुद्दाम नवऱ्याच्या समोरूनच जात होती. "या नव्या गाडीनं माझा पाय भाजला ना," तिने बजावलं होतं, "तर दुसऱ्याच दिवशी विकायची. मंग एक शब्द बोलायचा न्हाई."

म्हणून विमा कार्यालयातल्या या सरळ माणसाने शोधून शोधून दोन सिलिंडरची गाडी आणली. तिची खुबी अशी, की इंजिन तापलेलं असलं आणि गाडी जागच्या जागी नुसती चालू उभी राहिली, की मागचं, म्हणजे नेमकं सीटखालचं, सिलिंडर आपोआप बंद होतं. तिथे पेट्रोलच जळत नाही, तर पाय कशाने भाजणार? एक्सलेटर पिळला की ते पुन्हा कामाला लागतं. ही माहिती रामप्रसादने साहेबांना दिली, दूधवाल्याला दिली, पॉलिसीची चौकशी करायला आलेल्या एका बाईंनाही दिली. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

अशात अधिक महिना लागला आणि वाटूरहून सासऱ्यांचं, म्हणजे काकासाहेबांचं, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. वरून ऊन नुसती आग ओकत होतं. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या एकाच बाजूने सोडत होते. तिथे बराच वेळ थांबावं लागलं. इंजिनाचा आवाज अर्ध्यावर आला.

"पाय तापला का?" रामप्रसादने विचारलं.

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना! किती वेळा विचारून राह्यले?"

रामप्रसादची छाती फुगली. गाडी वाचली होती.

वाटूरला पोचल्यावर त्याने ती अंगणात मुद्दाम चालूच ठेवली. सासऱ्यांनाही कौतुक ऐकू यावं, एवढाच हेतू होता. काकासाहेबांनी उभा जन्म विहिरीवरच्या ऑइल इंजिनासोबत काढलेला. बांधावर बसून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. त्यांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू, मिसिंग मारून राह्यली गाडी. ठोका चुकून राह्यला."

"न्हाई मामा, मागचं सिलिंडर बंद होतं तिचं. आपोआप."

"नव्या गाडीचं?"

"नव्याच गाडीचं होतं. थंड राहावी म्हणून."

"म्हंजी खर्चा दोन्हीचा, आन् चालतं एकच?"

"कंपनीनंच तसं केलंय, मामा."

"कंपनी तर असंच सांगणार की," काकासाहेब म्हणाले, आणि त्यांनी जावयाकडे इतक्या मायेने पाहिलं, की रामप्रसादला स्वतःचीच दया आली.

मग सासूबाईंनी, म्हणजे नंदाबाईंनी, तुपात बुडवलेले धोंडे आग्रह करकरून वाढले. इतके, की रामप्रसाद कूलरपुढे आडवा झाला तो थेट चहालाच उठला. नवे कपडे, तांब्याचं ताट, वर धोंड्यांचा डबा असं वाण घेऊन दोघं निघाली. काकासाहेब गालातल्या गालात हसत म्हणाले, "जावा आता बिनघोर."

परतताना पुन्हा तेच रस्त्याचं काम, पुन्हा तोच खोळंबा. गाडी थांबली. आवाज मात्र उतरेना. इंजिन आपलं घुमतच राहिलं.

"अहो, पाय."

"थांब. आत्ता बंद होईल मागचं."

"कधी?"

"आपोआप होतं ते."

"अहो, पोटरी शेकून राह्यली माझी!"

मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "भाऊ, बंद करा ना गाडी!"

"आपोआप होती बंद!" रामप्रसाद दातओठ खात म्हणाला. चावी फिरवली असती तर प्रश्न मिटला असता; पण मग ती खुबी गेली कुठे, हे कळलं नसतं. तृप्ती खाली उतरली आणि ताट डोक्यावर धरून उन्हात उभी राहिली. तिची नजर इंजिनापेक्षा जास्त तापलेली होती.

घरी येताच तिने पाय बादलीत सोडला. "उद्या विकायची."

रामप्रसाद अगदी रडकुंडीला आला होता. तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला. तृप्तीने स्पीकर लावला.

"पोचले का? गाडी कशी चालली मंग?" काकासाहेब उत्साहाने बोलत होते. "जावईबापू झोपल्ते, तवा फाट्यावरच्या हरिओम मेस्तरीला बोलावल्तं. तो बी म्हणे, कंपनीची अशीच असती. म्हणलं असू दे, तू रेस वाढव, उभी असली तरी पिळल्यावानी चालली पाह्यजे. आता मागचं सिलिंडर बंद पडायची बिशाद न्हाई. कपडे तर सगळेच देतेत, खरं वाण हे!"

रामप्रसादने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. आता बोल म्हणावं.

तृप्तीने बादलीतून पाय हळूच बाहेर काढला. "लई भारी चालून राह्यली, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"आता?" रामप्रसाद म्हणाला. "तुझा पाय?"

"इंजिन म्हणल्यावर गरम होणारच. चूल काय गार असती?"

"मी उद्या रेस कमी करून आणतो."

"धोंड्याचं वाण माघारी करतेत का कुठं?"

"मंग गाडी विकायची न्हाई?"

"बाबांनी हात लावलेली गाडी विकायची? जिभेला काही हाड?"

गाडी कायमची वाचली. रामप्रसादने काही दिवस कळ काढली आणि मग गुपचूप शोरूममध्ये जाऊन रेस पूर्ववत करून आणली. त्या संध्याकाळी बाजारात जाताना दोघं सिग्नलला थांबली. आवाज अलगद अर्ध्यावर आला, सीटखालची धग निवली. रामप्रसादने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

मागून खांद्यावर बोट टोचलं.

"अहो, मागचं बंद पडलं वाटतं. थांबा, बाबांना फोन लावते. हरिओमला घेऊन येतेत जल्दी."

"न्हाई, न्हाई! चालू हाये!" म्हणत रामप्रसादने घाईघाईने एक्सलेटर पिळला आणि हिरवा दिवा लागेपर्यंत पिळूनच धरला.

"हां, आता कसं बराबर," तृप्ती म्हणाली आणि पाय इंजिनापासून जरा लांब धरून बसली.