मोहिद्दीनची खुर्ची

"रेडिओ माझा, दुकान माझं, सेल मी घातल्यालं, आन् खुर्ची मलाच न्हाई?" मोहिद्दीन मुलाणीनं कात्री टेबलावर आपटली.

कोरेगावच्या चौकात संध्याकाळी अंतिम सामन्यासाठी मोठा पडदा लागणार होता. खुर्च्यांची व्यवस्था बाळासोकडं होती. त्यानं बालमित्राला स्वच्छ सांगितलं होतं, "तू निकाल लागल्यावर ये."

गुन्हा चाळीसेक वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा मोहिद्दीनच्या शिलाईच्या दुकानात अख्खी गल्ली सामना ऐकायला जमायची. रेडिओ खरखरायचा, मोहिद्दीन त्याला खिडकीकडं जरा कलता करायचा आणि समालोचकाचा आवाज चढला की माणसं श्वास घ्यायची थांबायची. चेंडू कुणाच्या नजरेसमोर नसायचा, पण सीमारेषेकडं पळताना प्रत्येकाला दिसायचा. नियम एकच: आपला फलंदाज जमला की जो जसा बसलाय त्यानं तसंच बसायचं. शर्टाचं माप द्यायला आलेला नानासो एकदा हात पसरून शतक पुरं होईपर्यंत उभा राहिला होता.

अशाच एका सामन्यात मोहिद्दीन पाणी प्यायला उठला आणि भरवशाचा शेवटचा फलंदाज गेला. तेव्हापासून सामना सुरू झाला की मोहिद्दीन दुकानाबाहेर.

"त्यो गेला म्हणून मी उठलो!" तो आजही ओरडायचा. "मी उठलो म्हणून त्यो गेला न्हाई!"

आज त्याच्याकडं पुरावा होता. लेकीनं, तरन्नुमनं, त्याच सामन्याचं रेडिओवरचं समालोचन मोबाइलवर शोधून दिलं होतं. दुपारीच त्यानं बाळासो आणि नानासोला दुकानात आणून बसवलं.

"मी जाग्यावरनं हालत न्हाई. तरीबी त्यो गेला, तर मी निर्दोष. कबूल?"

"कबूल," बाळासो म्हणाला. "पर पापणीबी हालवायची न्हाई."

तीच खरखर, तोच चढता आवाज. पाच मिनिटांत तिघंही विसरले की हा सामना कधीच हरून झालाय.

"आज टिकंल गड्या ह्यो!" नानासो पुटपुटला.

तेवढ्यात भामाबाई पोलकं न्यायला आल्या. "हाय तितंच थांबा!" तिघं एकदम खेकसले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अशा त्या खिळल्या.

"आवं, दूध उतू चाललंय!" आतून मोहिद्दीनची बायको जरिना ओरडली.

"जाऊ दे!"

"गॅस तरी बंद करा!"

"अठरा धावा पायजेत! तू कर!"

बाळासोच्या खिशात फोन वाजत राहिला. त्यानं हात लावला नाही. भामाबाईंनी हळूच विचारलं, "कोण शिरियस हाय का?"

आणि फलंदाज गेला.

नानासोनं डोकं धरलं. मोहिद्दीन मात्र खुर्चीवरून उडाला. "बघितलं? मी बसल्यालो हुतो! तरी गेला!"

बाळासोनं मान डोलावली. "मान्य. तू उठलास म्हणून न्हाई गेला."

"चाळीस वरसांनी का हुईना, कबूल तरी केलंस!"

"तू हितं हुतास म्हणून गेला."

"आरं, तुमीबी हुताच की!"

"आमी कायम असतो. आमी असताना जितलोयबी."

"व्हय," नानासोनं री ओढली. "आन् आजवर ह्यो दारातच उभा ऱ्हायचा. लय जवळ पडतंय त्ये."

मोहिद्दीनच्या अंगाचा भडका उडाला. "गावातच थांबत न्हाई! खेळा तुमी!" त्यानं शटर खाली ओढलं, रहिमतपूरला बहिणीकडं जायला निघाला आणि संध्याकाळच्या सांगलीच्या एसटीत जाऊन बसला.

गाडी रहिमतपूरच्या अर्ध्या वाटेवर आली तोच बाळासोचा फोन आला.

"कुठवर गेलायस?"

"तुला काय करायचंय?"

"आरं, आपलं चार गडी गेल्यालं! तुझी गाडी चौकातनं गेली आन् तवापस्नं एकबी गेला न्हाई. फोन ठिवू नगंस. ऐक, गोलंदाज पळत आला…"

मोहिद्दीन शिवी देणार होता, पण त्यानं फोन कानाला घट्ट लावला. मागं चौकाचा गलका खरखरत होता आणि बाळासोचा आवाज चढत होता. मोहिद्दीननं डोळे मिटले. चेंडू सीमारेषेकडं पळताना त्याला लख्ख दिसला.

"चला, रहिमतपूरवाले!" कंडक्टर ओरडला.

"मोद्दीन, उतरू नगंस! पाया पडतो तुझ्या!"

"मी काय येडा हाय असल्यावर इस्वास ठिवायला?" मोहिद्दीन फोनमध्ये खेकसला. मग कंडक्टरकडं वळून म्हणाला, "फुडं विट्यापतुरचं तिकीट द्या. आन् ड्रायव्हरला म्हणावं, जरा दामटा."