धर्मराजांचं बोट

“अंपायर म्हणजे काय चीज असते, ते आज बदलापूरकरांना दाखवूनच येतो!”

सव्वीस जानेवारीच्या सकाळी अंबरनाथच्या घरात आरशासमोर पांढरी टोपी बसवत धर्मराज साळवे गरजले. स्वयंपाकघरातून गोदूबाईंनी नुसतं “हं” केलं. त्या एका “हं”मध्ये तेहेतीस वर्षांचा संसार होता.

धर्मराजांचा दरारा उगीच नव्हता. एमआयडीसीतल्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रेघभर वाकडं दिसलं की माल परत! निवृत्त झाल्यावर ती नजर त्यांनी जगाकडे वळवली. दर रविवारी चर्चच्या उपासनेत सूचना वाचून झाल्या की त्यांना पाच मिनिटं मिळत. विषय ठरलेला : आजचं जग आणि ख्रिस्ती माणूस. पाचाची बारा मिनिटं होत, पण उठायची कुणाची छाती नव्हती. मालिकेत सासूच्या खिरीत विष कालवणारी सून, रातोरात पक्ष बदलणारे पुढारी, बॅटला चेंडू लागल्याचं ठाऊक असून खेळपट्टीवर खांबासारखा उभा राहणारा फलंदाज, सगळे तिथे येऊन मान खाली घालून उभे राहत. निदान धर्मराजांना तसं दिसे! मागच्या रविवारी तर त्यांनी मूठ आपटून सांगितलं होतं, “न्याय करणाऱ्याला आपलं माणूस नसतं!”

हे वाक्य बदलापूरला पोचलं. दोन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या तरुण संघांचा टेनिस बॉलचा सामना होता, त्याला बदलापूरकरांनीच धर्मराजांना पंच म्हणून मागून घेतलं. तेही त्यांचा स्वतःचा मुलगा जितेश अंबरनाथकडून खेळत असताना!

आणि खरी मेख तिथेच होती. जितेशसाठी बदलापूरच्या तेजस्वीचं स्थळ पाहून झालं होतं. पोरं एकमेकांकडे बघून अशी हसली होती, की त्या दिवशी चहात साखर घातली नसती तरी चाललं असतं. गाडी अडली होती ती तेजस्वीच्या वडिलांपाशी. किसनराव बदलापूरच्याच शिरगावात राहायचे आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सिंधी शेटजींकडे सोफे विकायचे. “मुलगा लाखात एक आहे साईं,” ते शेटजींच्या बोलीत म्हणाले होते, “पण सोफ्याचं कापड सगळेच बघतात. मी आत काय भरलंय ते दाबून बघतो. मॅचच्या दिवशी जेवताना जबाब देतो.”

“अहो,” घराला कुलूप लावताना गोदूबाई म्हणाल्या, “आज एवढं करा. जास्त चांगलं वागू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे जसे आहात त्यापेक्षा जास्त.”

धर्मराजांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बायको कौतुक करतेय!

शिरगावचं मैदान म्हणजे चार उंच इमारतींच्या मधे राहून गेलेली मोकळी जागा. एका कडेला मंडप, मंडपात बिर्याणीची दोन पातेली, आणि पातेल्यांशेजारी वही घेऊन बसलेली तेजस्वी. धावा लिहिण्याचं काम तिच्याकडे. धर्मराजांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेले नियम सगळ्यांना वाटले, एक प्रत खिशात ठेवली, आणि सामना सुरू झाला.

बदलापूरची पाळी सुरळीत पार पडली. अंबरनाथ खेळायला उतरलं, आणि धर्मराजांच्या मानेवर शंभर डोळे आहेत असं त्यांना वाटू लागलं. जरा जरी आपल्या पोरांच्या बाजूने गेलो तर? किसनराव काय म्हणतील? मंडळी काय म्हणेल?

पहिल्याच षटकात चेंडू इतका लांबून गेला, की त्याला आणायला कुणीतरी पलीकडच्या इमारतीत गेलं. धर्मराज मख्ख!

“काका, वाईड!” अंबरनाथचा कप्तान भूपेश ओरडला.

“हात लांब कर की जरा!”

पुढच्या षटकात भूपेश धाव घेऊन रेषेच्या आत पोचला, वळला, बूट झटकले, आणि मग यष्ट्या उडाल्या. धर्मराजांचं बोट वर!

“काका, मी आत येऊन राहायलासुद्धा लागलो होतो!”

“बाहेर!”

भूपेश पाय आपटत गेला. बदलापूरकरांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग हळू वाजवल्या, मग एकमेकांकडे बघायला लागले. फुकटचं मिळत राहिलं की माणूस ओशाळतो, तसे. मंडपात गोदूबाईंनी कांदा चिरता चिरता बायकांपुढे ओवी सोडली,

“पंच झाले घरधनी, टोपी घातली पांढरी,
आपुल्याच लेकरांना दावी बाहेरची पायरी!”

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. किसनराव हसले नाहीत.

शेवटी उरले चार चेंडू, हव्या पाच धावा, आणि हातात शेवटची एकच विकेट. समोर जितेश. पोरगा असा खेळत होता, जसं वाऱ्याने शेत हलवावं! बदलापूरच्या कल्पेशने चेंडू टाकला. तो टप्पा खाऊन जितेशच्या पोटरीवर थपकन बसला. कल्पेशने निव्वळ गंमत म्हणून हात पसरले, “हाऊज दॅट!”

आणि धर्मराजांचं बोट वर गेलं!

कल्पेशचे पसरलेले हात तसेच राहिले.

“काका,” कल्पेशच घाबरून म्हणाला, “टेनिस बॉलला पायचीत नसतं. मी मजाक करत होतो.”

भूपेशने मंडपातून कागद फडकवला. “नियम नंबर चार! पायचीत नाही! तुमचंच अक्षर आहे काका!”

धर्मराजांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक झाली हे त्यांना चेंडूइतकं स्वच्छ दिसलं. पण बोट खाली घेतलं तर लोक म्हणतील, पोरासाठी घेतलं! त्यांनी छाती फुगवली. “निर्णय तो निर्णय! माझा मुलगा आहे म्हणून मी बदलणार नाही!”

जितेशने बापाकडे एकदा बघितलं. बॅट काखेत मारून चालू लागला. त्यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं!

बदलापूर जिंकलं, पण ओरडलं कुणीच नाही. ताटं वाढली गेली. धर्मराज ताट घेऊन किसनरावांशेजारी ऐटीत बसले. आता हा माणूस पाठ थोपटणार, अशी त्यांची खात्रीच होती.

“साळवेसाहेब,” किसनराव बोटांनी हाड बाजूला सारत म्हणाले, “जबाब ‘नाही’ असा आहे.”

धर्मराजांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. “अहो, पण मी पोराच्या बाजूने एक अक्षर...”

“तेच. चार लोक वा म्हणतील म्हणून तुम्ही स्वतःच्या पोराला नियमाबाहेर आऊट दिलंत. उद्या घरात काही वाजलं, तर लोकांसमोर बरं दिसावं म्हणून माझ्या पोरीलाही आऊट द्याल. बाहेरून कापड झकास आहे साईं. आत भुसा आहे.”

बिर्याणी एकाएकी अळणी झाली. मंडपाच्या टोकाला जितेश पाठ करून बसला होता आणि ताटातली शितं इकडून तिकडे करत होता. त्या पाठीकडे बघताना धर्मराजांना पाच वर्षांचा जितेश आठवला. शाळेत कुणी ढकललं की तोंडाने काही न सांगता असाच पाठ करून बसायचा. एवढी वर्षं जगाची पापं मोजली, आणि आपलं माप कधी घेतलंच नाही! लोकांनी बघावं म्हणून केलेला न्याय देवाच्या कुठल्या वहीत लिहिला जातो?

ते उठले. बक्षीस समारंभासाठी चर्चच्या पाळकसाहेबांनी माईक हातात घेतलाच होता, तो त्यांनी काढून घेतला.

“मंडळी, जितेश नाबाद होता. भूपेशही नाबाद होता. तो वाईडसुद्धा वाईड होता. मी... मी चुकलो.”

हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. गोदूबाईंच्या हातातून बिर्याणीचा डाव पडला!

“मग माझं बरोबरच आहे,” तेजस्वी वही घेऊन उभी राहिली. “मागचं मागे राहू द्या, पण जितेशचं आऊट मी लिहिलंच नाहीये. प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तीन चेंडू बाकी आहेत. खेळा.”

“आत्ता? बिर्याणीवर?” बदलापूरचे खेळाडू एका सुरात कण्हले. त्यातला एक तर झोपला होता. शिवाय कल्पेशची दुपारची पाळी, तो जेवून रिक्षाने एमआयडीसीला निघूनही गेला होता!

“बॉल मी टाकते,” तेजस्वीने ओढणी कमरेला बांधली. “नियम नंबर दोन, मुली चालतात. अक्षर काकांचंच आहे.”

पोटं सावरत सगळे मैदानात पांगले. तेजस्वी धावत आली, जितेशने तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच बघितलं, आणि मधली यष्टी आडवी! बदलापूर आता कुठे मनापासून ओरडलं. किसनराव टाळ्या वाजवत उभे राहिले.

पण धर्मराजांची नजर खाली होती. तेजस्वीचा पाय चुन्याच्या रेषेपुढे चांगला वीतभर पडला होता. तो फक्त त्यांनीच बघितला होता.

आता नो बॉल दिला तर? पोराची बाजू घेतली म्हणतील. होणाऱ्या सुनेला खोटं पाडलं म्हणतील. किसनरावांच्या टाळ्या चालूच होत्या. बोट वर करणं किती सोपं होतं! धर्मराजांनी डोळे मिटले, उघडले, आणि हात आडवा केला.

“नो बॉल!”

टाळ्या थांबल्या. किसनराव तरातरा मैदानात आले. वाकले. चुना फिसकटून पडलेलं पाऊल त्यांनी निरखलं, मग गिऱ्हाईकासमोर गादी दाबावी तसा तिथे अंगठा दाबून बघितला. मंडपात गोदूबाईंनी प्रभूचं नाव घेतलं.

“बरोबर आहे,” किसनराव सरळ होत म्हणाले. “पाय बाहेर होता, बेटा.” मग धर्मराजांकडे वळून त्यांनी प्रथमच मोकळं हसू सोडलं. “मामला फिट, साईं! आत कापूस निघाला.”

धर्मराजांच्या छातीवरून सोफा उचलल्यासारखं झालं. आधाराला म्हणून त्यांनी जवळची यष्टी धरली. तीही उपटून हातात आली!

अजून तीन चेंडू, चार धावा. तेजस्वीने या खेपेला पाय मोजून टाकला, जितेशने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि पुन्हा मधली यष्टी गेली. या वेळी काही शंका नव्हती. बोट वर गेलं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होता तो बाद झालेला जितेश.

अंबरनाथ तीन धावांनी हरलं, आणि अंबरनाथकरांनीच पेढे वाटले.

सही घ्यायला तेजस्वी वही पुढे घेऊन आली. “काका, एक विचारू? लग्नानंतर आमचं भांडण झालं, तर पंच कोण?”

“मी नाही!” धर्मराज टोपी काढून दोन पावलं मागे सरत ओरडले.

दिवसभरात त्यांचा हा एकच निर्णय दोन्ही मंडळ्यांनी एकमताने मान्य केला.