मागच्या डाव्या सीटवरचा भार

दहाव्या दिवशी, पुलगावजवळ वर्धा नदीच्या काठी, बंडोपंतांचा पिंड ठेवला न ठेवला तोच कावळ्याने त्याला चोच लावली, आणि नातेवाइकांची निराशा झाली. अशा प्रसंगी थोडे तिष्ठावे लागावे, दोन-चार आश्वासने द्यावी लागावीत, निदान एखाद्याला हुंदका फुटावा, असा शिष्टसंमत संकेत आहे. देवळीच्या शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बंडोपंतांनी हयातीत कधी घाई केली नव्हती. मेल्यावर मात्र त्यांनी सर्वांना पाच मिनिटांत मोकळे केले.

"इतक्या लवकर?" थोरले बंधू लक्ष्मणराव कावळ्याकडे संशयाने पाहत म्हणाले. ते नाचणगावला शेती करीत. "बंडूची काही इच्छाच नव्हती का बावा?"

"मोठेबाबा, बरंच झालं ना. चला, निघू या," बंडोपंतांचा मुलगा ऋग्वेद म्हणाला. त्याला रात्री पुण्याची गाडी गाठायची होती, आणि त्याआधी आईच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावायचा होता. देवळीचे घर बंद करायचे, कार विकायची, आईला पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचे, असे आदल्या दिवशी बैठकीत सर्वानुमते ठरले होते. सर्वांत आई तेवढी नव्हती. ती त्या वेळी सर्वांसाठी चहा करीत होती.

वास्तविक ती कार आईच्या, म्हणजे मीराबाईंच्या, गुडघ्यांसाठीच बंडोपंतांनी मागच्या वर्षी घेतली होती. तेलाच्या दाबावर वरखाली होणारी यंत्रणा चारही चाकांवर होती. किल्लीवरचे एक बटण दाबून धरले की गाडी वीतभर खाली बसे, दुसरे दाबले की पुन्हा उठे. बासष्टाव्या वर्षी मीराबाई ती चालवायला शिकल्या होत्या. एरवी बंडोपंत मागच्या सीटवर डावीकडे बसत, पण दर आठवड्याला एकदा त्या एकट्याच गाडी हाकून वडनेरला आपली मैत्रीण सुमित्राबाई हिच्याकडे जात. चाळीस वर्षांच्या संसारात ज्याला आपले म्हणावे असे एवढेच त्यांना मिळाले होते.

घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याला हात टेकला. त्या हातात किल्ली होती. बाभळीखाली उभी असलेली रिकामी, बंद गाडी दीर्घ उसासा टाकून हळूहळू खाली बसली.

मीराबाई स्वतःच दचकल्या. मूठ उघडून त्यांनी किल्ली पाहिली आणि त्या सांगणार, तोच लक्ष्मणरावांनी चप्पल काढून हात जोडले.

"कोणी तरी बसलं," ते कुजबुजले.

"कोणी नाहीये आत," ऋग्वेद म्हणाला.

"तेच तर सांगून राह्यलो मी."

किल्ली जवळपास असली की पुरे होई; ऋग्वेदने पुढचे दार उघडून आतल्या बटणाने गाडी चालू केली. आतली घंटा वाजू लागली आणि पडद्यावर सूचना उमटली: मागच्या डाव्या सीटवरील प्रवाशाने पट्टा लावावा. त्या सीटवर सून शाल्मलीने तांब्या-परातीची पिशवी आणून ठेवली होती, हे तर्कशास्त्राला स्पष्ट दिसत होते. परंतु तर्कशास्त्राला त्या दिवशी कोणी आमंत्रण दिले नव्हते. नदीवरचा वारा पडला होता. मघाचा कावळाही उडून गेला होता.

"तो कावळा चुकला," लक्ष्मणराव म्हणाले. "बंडू इथं बसला आहे. त्याले काही तरी सांगायचं आहे." मग घसा खाकरून ते गाडीच्या काचेशी वाकले. "बंडू, तुह्या वावराचा रस्ता मी बंद केल्ता. अकरा वर्षं झाले. उद्या खुला करून देतो. ऊठ बाबा."

मीराबाईंनी हे ऐकले. या रस्त्यासाठी बंडोपंतांनी तहसीलमध्ये सतरा अर्ज केले होते. मीराबाईंचा अंगठा दुसऱ्या बटणाकडे कसा सरकला हे त्यांनाही कळले नाही. गाडी बोटभर वर आली.

शाल्मलीने ऋग्वेदचा दंड घट्ट धरला. "अहो, तुम्हीही बोला."

"काय बोलू? हे मेकॅनिकल आहे, शालू."

"मग मेकॅनिकल बोला."

ऋग्वेदने इकडेतिकडे पाहिले. नदीकाठी ऑफिसातले कोणी नव्हते. "बाबा," तो म्हणाला, "आईची काळजी करू नका. तिला मी पुण्याला नेतो."

गाडी उसासत बुडापर्यंत बसली.

"शब्द मांगं घे!" लक्ष्मणराव ओरडले. "काऊन छळतं रे बापाले?"

"बरं, बरं. आई... आई इथेच राहील. देवळीत."

बोटभर वर.

"आणि गाडी?" मीराबाईंनी पदराआडून अत्यंत क्षीण आवाजात विचारले.

"गाडीही तिचीच. विकत नाही."

आणखी दोन बोटे.

"थोडंसं राह्यलं," लक्ष्मणराव चाकाशी उकिडवे बसून म्हणाले. "मीराबाई, तुम्ही बी काही बोला. तो रोज बसून काय लिहे? ते वही-पुस्तक?"

बंडोपंत चाळीस वर्षे वर्धा खोऱ्यातील गावांच्या नावांचा इतिहास लिहीत होते. एकोणीसशे हस्तलिखित पाने, एकोणसाठ प्रकरणे. ज्या माणसाने त्या नदीकाठचे प्रत्येक गाव पायांखाली घातले, त्याला त्याच्या हयातीत एकाही आप्ताने, एकाही शिक्षकाने, संशोधनाचे मानधन घेणाऱ्या एकाही प्राध्यापकाने, एक पान वाचून दाखवा असे म्हटले नव्हते. आता मात्र त्याच्या मोटारीचा उसासा ऐकायला माणसे श्वास रोखून उभी होती. विद्वत्तेला या प्रांतात कान मिळण्यासाठी आधी मरावे लागते, आणि नंतर तेलाचा पंप लागतो.

"त्यांचा ग्रंथ मी छापून घेईन," मीराबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबून धरले. गाडी पूर्ण उंचीला आली. सर्वांनी हात जोडले. न पाळायचे वचन देताना आवाज किती स्वच्छ येतो, याचे मीराबाईंना मनातून थोडे नवल वाटले.

पंधरा दिवसांत वावराचा रस्ता खुला झाला, पाहुणे पांगले, आणि मीराबाईंनी घर आवरायला काढले. एका सकाळी रद्दीवाला आला. हस्तलिखिताचा पहिला गठ्ठा काट्यावर चढला आणि अंगणात दीर्घ उसासा ऐकू आला. गाडी बुडापर्यंत बसली होती.

किल्ली घरात, खुंटीवर होती.

मीराबाईंनी ती आणून दोन्ही बटणे दाबली, मग आलटूनपालटून दाबली. काही झाले नाही. गठ्ठा काट्यावरच सोडून रद्दीवाला आपली सायकल तेवढी घेऊन गेला. दुपारी वर्ध्याहून मिस्त्री आला आणि दिवे लागेपर्यंत गाडीखाली पडून राहिला.

"काकू, तेल भरलं आहे, पंप चालून राह्यला, गळती कुठंच नाई," तो हात पुसत म्हणाला. "काही खराबीच नाई."

"मग उठत काऊन नाही?"

मिस्त्रीने मागच्या काचेकडे एकदा पाहिले, मजुरी नको म्हणाला आणि लगबगीने निघाला.

मीराबाई बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. शेवटी त्या उठल्या आणि मागच्या डाव्या दाराशी जाऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "छापणं माझ्याच्यानं होणार नाही. वाचून दाखवीन. चालेल?"

गाडी बोटभर वर आली.

तेव्हापासून रोज दुपारी मीराबाई पुढच्या सीटवर बसून वाचतात. चाळीस वर्षे ज्या विषयाला दूध उतू जाईल असे सांगून त्यांनी चुकवले, तो आता तळटीपांसह ऐकवावा लागतो. एका प्रकरणाला गाडी एक बोट वर येते. एखादी दुपार चुकली, किंवा एखादी तळटीप गाळली, तर दोन बोटे खाली जाते. या हिशेबाने वडनेर अजून फार लांब आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया फाटकातून नमस्कार करतात. त्यांच्या मते हे पारायण आहे. सुमित्राबाईने फोनवर 'कधी येतेस' असे विचारणे सोडून दिले आहे.

परवा ऋग्वेदचा फोन आला. त्या वेळी मीराबाई घरात चहा गाळत होत्या.

"आई, बरी आहेस ना? एकटी कंटाळत नाहीस?"

"एकटी कुठची रे!" मीराबाई म्हणाल्या. मग त्यांनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली आणि आवाज अगदी खाली आणला. "ऋग्या, तुमच्या इथं गाड्या कुठं ठेवतात?"

"गाड्या? तळघरात. दोन मजले खाली."

"आणि तुम्ही राहता कितव्यावर?"

"अकराव्या. का गं?"

"दारं पक्की आहेत? खालच्या एखाद्या गाडीचा आवाज येत नाही ना वरपर्यंत?"

"अजिबात नाही. आई, येतेस का? मी उद्याचं तिकीट काढतो."

"काढ," त्या पुटपुटल्या.

बंद खिडकीपलीकडून लांबलचक उसासा आला, आणि तो बराच वेळ संपला नाही.

"आई, कसला आवाज तो?"

मीराबाईंनी गाळणे खाली ठेवले आणि ओट्यावरची ग्रंथाची पाने उचलली.

"राहू दे तिकीट," त्या म्हणाल्या. "त्यांनी ऐकलं."