अठरा वर्षांचा अनुभव

नामदेवराव माणूस खुर्च्यांत मोजतात. नंदनवन वस्तीत आमच्या घरासमोरच त्यांचं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, ताटं, चमचे, सगळं भाड्यानं देतात. कोणाचं नाव निघालं की डोळे बारीक करून म्हणतात, "चारशे खुर्चीचा माणूस." म्हणजे त्याच्या घरच्या कार्याला चारशे लोक येतील. मागे त्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं, तर टेबलावर झोपल्या झोपल्या डॉक्टरलाच विचारलं, "साहेब, तुमच्या लग्नात खुर्च्या किती होत्या?" डॉक्टर म्हणाला, कोर्टात लग्न केलं. हे उठून बसले.

मला ते साडेतीनशे धरतात. "चारशेचे होते भाऊ, पन्नास हट्टीपणात गेल्या." हे मी अजून मान्य केलेलं नाही.

घरात दोघंच, ते आणि मुलगी प्रणाली. बी.कॉम. झाल्यापासून चार वर्षं सगळा धंदा तीच पाहते. एकदा कामठीच्या लग्नाचा राजा-राणी सोफा चुकून कुहीच्या तेरवीत जाऊन पडला. हिनं दोन फोन केले, वरात दारात यायच्या आत सोफा कामठीत. तेरवीवाल्यांची अशी माफी मागितली, की पुढच्या वर्षी त्यांनी मुलाच्या लग्नाचं काम हिलाच दिलं.

तर या प्रणालीनं पुण्याच्या एका एमबीए कॉलेजचा फॉर्म भरला. ते लोक म्हणतात, कामाचा अनुभव दाखवा. घरचा धंदा चालेल, पण मालकाचं सहीचं पत्र पाहिजे. मालक म्हणजे बाप, आणि बाप अडून बसला. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होणार होता. पाच वाजता तिनं मला हाक मारली.

"काका, तुम्हीच सांगा यायले. मी चार वर्षं लिहून राहिली, हे अठरा म्हणतात."

"अठराच आहेत," नामदेवराव म्हणाले. "सात वर्षांची होती तवापासून चमचे मोजून घेते. विचारा, एक चमचा हरवला का."

"बाबा, ते डिग्रीनंतरचंच धरतात."

"काहून? डिग्रीच्या आधी चमचे दुसरे होते का?"

मी चौथीतून शाळा सोडली, त्यामुळे कॉलेजवाल्यांचं मला कळत नाही. पण हात तेच, काम तेच, आणि चौदा वर्षं गिनतीतच नाहीत, हे मलाही पटेना. मी म्हणालो, नामदेवराव बरोबर बोलतात.

प्रणालीनं कपाळाला हात लावला. "काका, मी तुम्हाले त्यायले समजवाले बोलावलं, त्यायच्या पार्टीत जाले नाही."

मग पद काय लिहायचं, यावर वीस मिनिटं गेली.

"पोरगी लिही," ते म्हणाले.

"पोरगी पद नसते बाबा. मॅनेजर लिहिते."

"मॅनेजर तू, मंग मी कोण वं?"

"तुम्ही मालक."

ते जरा सुखावले. पण आकडा तोच, अठरा. साडेपाच झाले. प्रणाली खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, अठरा लिहिलं तर ते हिशेब लावतील. मले खोटी म्हणतील."

"तुले?"

"मलेच न. फॉर्म माझा आहे."

नामदेवरावांनी पत्र ओढून घेतलं. "चारच राहू दे," म्हणाले, आणि अर्ध्या पानभर सही ठोकली.

पोरीनं पत्राचा फोटो चढवला. मोबाइलवर मालकासाठी आणखी एकच प्रश्न होता. तो तिनं हसत हसत वाचला, "ही व्यक्ती काम सोडून गेली, तर तिला पुन्हा कामावर घ्याल का?"

हसणारी ती एकटीच होती. नामदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन महिने हा माणूस सांगून राहिला होता, की मला तिच्या जाण्याचं काहीच नाही.

"सोडून म्हणजे... किती दिवस?"

"दोन वर्षं बाबा."

"मंग लिही, हिची जागा भरायचीच नाही. दुसरं कोणी ठेवणार नाही आम्ही."

"तेवढी जागा नाही इथं. हो किंवा नाही, एवढंच दाबायचं आहे."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मंग हो दाब. दाब लवकर, सहा वाजून राहिले."