पहिल्या पावलाचा प्रश्न

एका जंगलात, मुलांनो, नुकतीच एक मोठी लढाई संपली होती.

झाले होते असे, की डोंगरापलीकडून तरसांची एक टोळी आली. हे सगळे जंगल आता आमचे, असे म्हणू लागली. जो दिसेल त्याच्या अंगावर धावून जाऊ लागली. शेवटी दोघांनी मिळून त्या टोळीला पिटाळून लावले.

त्यातला एक गवा होता. त्याचे नाव शिंगोजीराव. त्यांचे डोके इतके मोठे होते, की आत काही चालले आहे की नाही हे बाहेरून कळत नसे. दुसरे होते अस्वल. त्याचे नाव झिपरअण्णा. अण्णा कमी बोलत, पण बोलले की सगळ्यांच्या वतीने बोलत. सगळ्यांना विचारायची त्यांना गरज वाटत नसे.

आता या जंगलाची एक जुनी चाल होती, ती ऐकून ठेवा. कोणतीही गोष्ट जिंकली, ठरली किंवा मिटली, की नदीच्या वाळवंटावर सगळ्यांनी मिळून नाचायचे. नाच झाला नाही तर ती गोष्ट झालीच नाही असे धरत. दोन मोरांचे भांडण मिटले तरी नाच. आणि ज्याच्यामुळे काम झाले, त्याने वाळूत पहिले पाऊल टाकायचे. मग बाकीच्यांनी.

त्या दिवशी शिंगोजीराव आणि अण्णा गळ्यात गळा घालून वाळूवर उतरले आणि सगळे जंगल थुईथुई नाचले.

त्या नाचात टिटवीची चार अंडी चिरडली गेली.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या वाळूवर चार खडे सारते आणि तिथेच अंडी घालते. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. सगळे आनंदात होते, एवढेच. टिटवी दिवसभर त्या जागेभोवती फिरत राहिली. तिला फार वाईट वाटले, आणि त्याहून वाईट याचे वाटले की कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

नाच संपला. सगळे घामाघूम होऊन पाणी प्यायले. तेवढ्यात शिंगोजीराव सहज म्हणाले, "पहिलं पाऊल मी टाकलं, म्हणून नाच एवढा रंगला बरं का."

अण्णा पाणी पिता पिता थांबले. "पहिलं पाऊल माझं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलंय."

"सगळ्यांनी? मला तर कोणी बोललं नाही."

"मी बोलतोय ना सगळ्यांच्या वतीनं!"

झाले. शिंगोजीराव नदीच्या उजव्या काठावर निघून गेले आणि अण्णा डाव्या काठावर. ज्याला जो काठ जवळ होता, तो त्या काठाचा झाला. वाळवंट तेवढे मधे राहिले.

पण पहिल्या पावलावरून भांडतो, असे सांगायला दोघांनाही लाज वाटू लागली. एवढे मोठे प्राणी आणि भांडण एवढेसे! म्हणून दोघांनी आपापले तत्त्वज्ञान शोधून काढले.

अण्णा म्हणाले, "आमच्या काठावर मध सगळ्यांचा! सगळा मध एका खड्ड्यात जमा करायचा आणि प्रत्येकाला सारखं एक बोट द्यायचं." वाटपाचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले. आता वाटणाऱ्याचे पंजे चिकट होणारच. ते त्याला चाटावेच लागणार. त्याला कोण काय करील?

शिंगोजीराव म्हणाले, "आमच्या काठावर सगळे स्वतंत्र! ज्याला जितकं गवत खाता येईल तितकं त्यानं खावं. कोणाला अडवायचं नाही. गव्याला नाही आणि सशालाही नाही." सशाचे पोट केवढे आणि गव्याचे केवढे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारपर्यंत कुरण साफ होई. मग ससे अगदी स्वतंत्रपणे मातीकडे बघत बसत.

तरी दोन्ही काठ खूश होते. डाव्या काठाला उजव्याची कीव येई आणि उजव्याला डाव्याची. दुसऱ्याची कीव करण्यात वेळ फार छान जातो.

पुढे चढाओढ लागली. एका पौर्णिमेला अण्णांनी एका उदमांजराला सावरीच्या शेंड्यावर चढवले आणि चंद्राला हात लावून यायला सांगितले. ते खाली उतरून म्हणाले, "थोडक्यात हुकला." एवढ्यावर डावा काठ आनंदाने वेडा झाला. हे शिंगोजीरावांना फार झोंबले. त्यांनी एका वानराला सर्वांत उंच सुळक्यावर पाठवले. वानराने येताना एक पांढरा खडा आणला आणि तो चंद्राचा आहे, असे छातीठोकपणे सांगितले. तसले खडे नदीत ढिगाने पडले होते. पण शिंगोजीरावांनी तो खडा कपाळाला लावला म्हटल्यावर बोलायला कोण जातो?

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग आले दगड.

हे काम कोल्ह्याने लावून दिले. कोल्हा सकाळी शिंगोजीरावांचा सल्लागार असे आणि संध्याकाळी अण्णांचा.

"राव, पलीकडच्या टेकडीवर दगड चढवतायत," तो सकाळी म्हणाला.

"किती?"

"मोजवलं नाही हो. छातीत धडधडायला लागलं."

शिंगोजीरावांनी लगेच आपल्या टेकडीवर दगड चढवायला घेतले. मग संध्याकाळी कोल्ह्याने अण्णांना तेच सांगितले, आणि आता ते खरेही होते. गवे डोक्याने दगड ढकलत, अस्वले मिठीत घेऊन चढवत. दोन्ही टेकड्यांच्या कड्यावर मोठमोठ्या दगडांच्या रांगा लागल्या. कोल्ह्याला दोन्हीकडे जेवण मिळे. त्याची तब्येत चांगलीच सुधारली.

टिटवीने पुन्हा वाळूवर चार अंडी घातली होती. ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे दगड इकडून तिकडे पोचतील का?"

नवऱ्याने एकदा या टेकडीकडे पाहिले, एकदा त्या टेकडीकडे. "छे गं. दोन्हीकडून उतार आहे. सगळे घरंगळत इथंच येणार. आपल्या वाळूत."

"मग हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही?"

"त्यांच्या अंगावर येत नाहीत ना. मग कशाला लक्षात येईल?"

टिटवी पाय वर करून झोपते, म्हणजे आभाळ पडलेच तर पायांवर तोलता येईल, असे म्हणतात. पूर्वी सगळे तिला यावरून हसत. आता तिच्या डोक्यावर दोन टेकड्यांचे दगड लटकत होते, आणि हसणारे आपापल्या बिळात पाय वर करून झोपू लागले होते.

दोन्ही काठांचे प्राणी एकमेकांना इतके घाबरत, की वाळवंटावर कोणी फिरकतच नसे. पाणी प्यायचे तरी सगळे आपापल्या काठावरच्या झुडपात लपून पीत. टिटवीच्या अंड्यांजवळ खेकडासुद्धा आला नाही. हे सुख तिच्या ध्यानात आले नाही, कारण तिचे डोळे सतत वर होते.

दोन्हीकडून तिला निरोप येत. "तू कोणाच्या बाजूची?"

"मी वाळूच्या बाजूची," ती म्हणे.

म्हणजे ही पलीकडच्यांना फितूर, असे दोन्ही काठांनी ठरवून टाकले.

आणि एके दिवशी ऐन उन्हात डाव्या टेकडीवरचा एक दगड सुटला. धडधडत, उड्या मारत खाली आला आणि अंड्यांपासून पंखभर अंतरावर वाळूत रुतला. टिटवीने अंड्यांवर पंख पसरले. तिने वर पाहिले, तो उजव्या टेकडीवर सगळे गवे दगडांना डोकी लावून उभे होते.

"हल्ला!" शिंगोजीराव गरजले. "मी खूर आपटला, की ढकला!"

टिटवी बाणासारखी वर गेली. अण्णा कड्यावर कसनुसा चेहरा करून उभे होते.

"अण्णा, दगड का सोडलात?"

"सोडला नाही गं," अण्णा हळूच म्हणाले. "पाठ खाजत होती. त्या दगडाला घासली. तो कलला."

"मग तसं सांगा ना त्यांना!"

"वेडी का तू? नेत्याची पाठ कधी खाजते का?"

"मी सांगते!"

"सांग," अण्णा म्हणाले. मग घाईघाईने पुढे म्हणाले, "पण मी सांगितलं असं सांगू नकोस."

टिटवी उडत पलीकडे गेली. शिंगोजीरावांचा खूर उचललेला होता. "राव, थांबा! त्यांची पाठ खाजत होती! दुसरं काही नाही!"

शिंगोजीरावांनी खूर तसाच धरला. त्यांचे मोठे डोके बराच वेळ हलले नाही. "खाजते का फार?" शेवटी त्यांनी विचारले.

"फार."

"गोचिडी असणार." त्यांनी खूर हळूच खाली ठेवला. आजूबाजूला कोणी ऐकत नाही हे पाहून ते म्हणाले, "मलाही आहेत गं. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. पण बोलायचं कोणाजवळ? हे सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात."

मग टिटवीने आराम पाहिला नाही. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे. घसा बसला, पंख दुखून आले. गोचिडींवरून बोलणे सुरू झाले, ते उन्हाळ्यावर आले, तिथून जुन्या लढाईवर आले. तरसांची शेपटी कशी ओढली होती, ते आठवून दोघेही आपापल्या टेकडीवर पोट धरून हसले. आणि एका सकाळी जाहीर झाले, की भांडण मिटले, दगड मागे घ्यायचे.

टिटवी आनंदाने रडली. अंड्यांना कान लावून बसली. आत चोची टकटक करू लागल्या होत्या. आज नाही तर उद्या पिल्ले बाहेर येणार होती.

इतक्यात कोल्हा काठावर येऊन ओरडला, "चला हो चला! समझोत्याचा नाच! सगळ्यांनी वाळवंटावर यायचं!"

टिटवीने वळून पाहिले. दोन्ही काठांवरून झुंडीच्या झुंडी उतरत होत्या. गवे, अस्वले, रानडुकरे, सांबरे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि खाली कोणीच बघत नव्हते.

ती धावत पुढे गेली. "राव! अण्णा! इथं नाचू नका हो! माझी अंडी आहेत! कुरणात नाचा!"

"अगं, वाळूत नाचल्याशिवाय समझोता पक्का कसा होणार?" शिंगोजीराव प्रेमाने म्हणाले.

"आणि हे सगळं चाललंय कोणासाठी?" अण्णांनी पंजा छातीवर ठेवला. "तुझ्या या चिमुकल्या अंड्यांसाठीच ना?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीच्या नवऱ्याने पंख टेकले. "आता काही खरं नाही," तो पुटपुटला.

टिटवी मात्र त्या पायांकडे बघत होती. केवढाले खूर होते ते, आणि केवढाले पंजे. तिला मागचा नाच आठवला, आणि नाचानंतरचे पाणी पिणे आठवले. ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "बरं. नाचा. एकच विचारते. पहिलं पाऊल कोण टाकणार?"

शिंगोजीरावांनी उचललेला पाय हवेतच ठेवला. अण्णांनीही.

"अर्थात मी," शिंगोजीराव म्हणाले. "मी खूर खाली ठेवला, म्हणून शांतता झाली."

"अर्थात मी," अण्णा म्हणाले. "माझी पाठ खाजली नसती, तर झाली असती का?"

"म्हणजे दगड तुमच्या पाठीनंच सोडला!"

"म्हणजे खूर तुम्ही उचललाच होता!"

दोघेही पाय मागे घेत, धुसफुसत आपापल्या काठावर चढले. त्यांच्यामागून झुंडीही गेल्या. वाळवंट पुन्हा शांत झाले. कोल्हा तेवढा जाता जाता टिटवीकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं."

दगड मात्र कोणी ढकलले नाहीत. कारण पहिले पाऊल कोणाचे, हे ठरवायला लांबच्या जांभळीखाली दोन्ही काठांची बैठक बसली, आणि बैठक चालू असताना दगड ढकलणे बरे दिसत नाही. ती बैठक अजून चालू आहे. तिथे आळीपाळीने एकमेकांची पाठ खाजवतात, असेही ऐकतो.

पिल्ले दुसऱ्याच दिवशी बाहेर आली. टिटवीची पिल्ले लगेच पळू लागतात. आधी ती त्या घरंगळत आलेल्या दगडाच्या सावलीत जाऊन बसली. वरच्या दगडांविषयी त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नाही.

दर उन्हाळ्यात अंडी घातली, की टिटवी जांभळीपर्यंत एक फेरी मारते. प्रश्न सुटत आला आहे, असे कानावर आलेच, तर ती फांदीवर बसते आणि नम्रपणे विचारते, "आणि शेवटचं पाऊल कोणाचं?"

तात्पर्य : शांततेसाठी जीव तोडून झटावे. फक्त तिचा समारंभ कोणाच्या अंगणात होणार आहे, ते आधी विचारून घ्यावे.